आवाज क्लिअर होता

माझ्या ताईचं शेवटचं बोलणं एका ॲपने पुसलं.

ताई जन्मापासून ऐकू न येणारी. हातांनी बोलायची, आणि भांडायची तर अशी की समोरचा गप्पच व्हायचा.

तिच्या भाषेत माझं नाव म्हणजे कान पिळणं. का, ते विचारू नका.

मी पुण्यात, ती उमरखेडला. व्हिडिओ कॉल हाच आमचा फोन. हात नीट दिसावेत म्हणून तिने बैठकीची एक भिंत गडद निळी करून घेतली होती. भाऊजी म्हणायचे, "घराचं थेटर करून टाकलं."

मग ॲपचा अपडेट आला.

ॲपवाल्यांनी काम फोन आणि सर्व्हरमध्ये वाटलंय. चेहरा कुठला आणि मागचा पसारा कुठला, हे फोन ठरवतो. पसारा धूसर करतो. नेट कमी पडलं की काय ठेवायचं, काय फेकायचं, हे कंपनीचा सर्व्हर ठरवतो.

फोनने ताईचे हात पसाऱ्यात धरले. सर्व्हरने आवाज आणि चेहरा ठेवला, बाकीचं चित्र फेकलं.

आधी हे बंद करता यायचं. नव्या व्हर्जनमध्ये ते बटणच काढलं. मी तक्रार केली, व्हिडिओ पाठवले. उत्तर आलं, "सर, आवाज तर क्लिअर येतोय ना?"

अरे, कोणाला येतोय?

मागच्या वर्षी ताई यवतमाळला ॲडमिट होती. मी निघालो होतो, गाडीत होतो. भाऊजी औषधं आणायला खाली गेले, आणि तिचा कॉल आला.

तिने कान पिळला. तेवढं दिसलं.

नंतर हातांच्या जागी नुसता धुरकट डाग. चेहरा मात्र स्वच्छ. ती रडत नव्हती, काहीतरी समजावून सांगत होती.

लिहून पाठव, मी टाइप केलं. तिने नाही म्हणून मान हलवली. आमच्या घरच्या खुणा लिहिता येत नाहीत.

वॉर्डातल्या पंख्याची घरघर अगदी क्लिअर होती.

मी पोचलो तेव्हा ती गेली होती. भाऊजींनी एवढंच विचारलं, "काय म्हणून राह्यली होती थे? तुलेच सांगत होती न."

काय सांगू त्यांना? नेट वीक होतं म्हणून?

ज्यांनी हे बनवलं त्यांनी एकदा आवाज बंद करून, हात बांधून आपल्या बहिणीशी बोलून बघावं. मला तुमचं सॉरी नको. ते बटण परत द्या. तिच्यासारख्याच हातांनी बोलणाऱ्या तिच्या मैत्रिणी अजून त्याच ॲपवर आहेत.

आज वर्ष झालं. उमरखेडला आलोय. भाऊजींनी सगळं घर रंगवलं, ती भिंत सोडून.

ताई, श्रद्धांजली टाइप करणार नाही. भिंतीसमोर उभा राहून हातांनीच बोललो.

तुझं तेवढं ऐकायचं राहिलं.