चढाईपटूनं सही कधी करावी

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. चूक कबूल न करणाऱ्यांविरुद्ध मी आजवर भरपूर पत्रकं काढलीत, त्यामुळे इलाज नाही.

माझा एक मित्र शहागंजात मोटारसायकली दुरुस्त करतो आणि पासष्ट किलो वजनी गटात कबड्डी खेळतो. चढाईला गेला की गडी बाद केल्याशिवाय परतत नाही. मागच्या हंगामात बिडकीनच्या एका मंडळाकडून खेळताना त्याचा गुडघा गेला. मंडळानं दिलं काय? शाल आणि नारळ! तीन महिने पठ्ठ्याला गाडीला किक मारता येईना. मी पेटलो. यंदा लेखी पाहिजे : गुडघा गेला तर इलाज मंडळाचा. नाहीतर सही नाही.

"मांगेंगे भाई," मित्र म्हणाला, "मगर कब?"

इथं माझी विद्वत्ता आडवी आली. अमेरिकेत एक फुटबॉल खेळतात, तो बहुतेक हातानंच. त्यात चेंडू फेकणारा मुख्य गडी म्हणजे क्वार्टरबॅक. मोबाइलवर मी पाहिलं होतं, की घाईनं करार करणारा क्वार्टरबॅक फसतो आणि जो शेवटपर्यंत ताणतो त्याच्यापुढं मालक नरमतात. झालं! मी फर्मान काढलं, "पाचोडच्या स्पर्धेच्या दिवसापर्यंत सही करायची नाय."

पण आमच्याकडची बोलणी ताटावर होतात. खेळाडूला बोलवायचं, पोटभर खाऊ घालायचं आणि तो हात धुवायला उठला की विषय काढायचा. बिडकीनच्या त्याच मंडळाच्या कर्णधारांनी नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा, खिलवला. हात धुता धुता मित्र म्हणाला, "सोचके बोलता." हे कानावर जाताच कन्नड गावच्या संघानं मटण केलं. ते कळताच बिडकीनवाल्यांनी पुन्हा खलिया. असे पाच आठवडे! प्रत्येक पंगतीला सल्लागार म्हणून मीही होतो. शोषणाविरुद्ध इतका चविष्ट लढा मी त्याआधी कधी दिला नव्हता.

पाचोडच्या मंडपात बिडकीनचे कर्णधार घामाघूम. "अरे बाबा, दहा मिनिटात यादी द्यायचीय. कर की सही!"

"आधी तुम्ही करा," मी कागद पुढं केला.

त्यांनी वाचला. "गुडघा... इलाज... व्हय, मान्य. आण पेन."

दोघांच्या सह्या झाल्या. मी मूठ उंचावून घोषणा दिली. साथ कुणी दिली नाही.

मग मित्र वजनकाट्यावर चढला. पंच म्हणाले, "सदुसष्ट."

"काटा बिघडलाय! हा खेळाडूंवर अन्याय आहे!" मी ओरडलो. पंचांनी स्वतः चढून बघितलं. काटा ठणठणीत होता.

कर्णधार मित्राकडं नाही, माझ्याकडं बघत होते. "माझ्याच खलियानं मला बुडवलं."

"कन्नडवाल्यांचं मटणही आहे त्यात," मी न्यायाला धरून सांगितलं.

पंचांनी वजन उतरवायला तासाची मुदत दिली. कर्णधार गरजले, "पळ!" दोन स्वेटर, त्यावर रेनकोट, भर दुपारचं ऊन. मित्र मैदानाला फेऱ्या मारू लागला. सातव्या फेरीला गुडघा धरून मटकन खाली बसला.

मी कागद काढला. भाषण तयारच होतं. "मंडळाच्या आदेशावरून धावत असताना..."

"गप रे. सही माझीच हाय ना?" संघ दुसऱ्याच्या हवाली करून कर्णधारांनी मित्राला रेनकोटासकट जीपमध्ये घातलं आणि डॉक्टरकडं नेलं. फी, गोळ्या, गुडघ्याचा पट्टा, सगळं न कुरकुरता केलं. लढायला समोर कुणी उरलंच नाही, आणि मला लई वाईट वाटलं.

डॉक्टरांनी पंधरा दिवस आराम सांगितला. जीपमध्ये बसताना कर्णधारांनी विचारलं, "पुढच्या साली हाच कागद चालंल. पण सही कधी करता?"

मी तोंड उघडलं होतं.

"पहिल्या जेवणाच्या आधी," मित्र घाईनं म्हणाला. "और इसकू बुलाव नक्को."