भिंतीवरचा कागद

टोकियोत आल्यावर पहिली दोन वर्षं मी नुसती घरात होते. पुण्यात शाळेत भूगोल शिकवायचे. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको. पुण्या-मुंबईचे सॉफ्टवेअर इंजिनियर तेव्हा तीन-तीन महिन्यांच्या कामासाठी लोंढ्याने येत होते. नवऱ्याच्या कंपनीने त्यांच्यासाठी आमच्या स्टेशनजवळच्या एका इमारतीत सहा फ्लॅट घेतले. इथे रिकामा फ्लॅट म्हणजे अगदी रिकामा. छताला दिवा नाही, गॅसची शेगडी नाही, पडदे नाहीत. "तुमच्या मिसेस लावून देतील का?" असं त्यांच्या मॅनेजरसाननी विचारलं. बाइतो, म्हणजे तासावरची नोकरी. मी लगेच हो म्हणाले.

मी जीव ओतून ती घरं लावली. गाद्या उन्हात घातल्या. भारतातून येणाऱ्या इंजिनियरांना सांगून पोळपाट-लाटणी, कुकर मागवले. प्रत्येक ओट्यावर मिसळणाचा डबा भरून ठेवला. फ्रिजशेजारी भिंतीवर एक कागद चिकटवायचे: जळणारा कचरा कोणत्या वारी, प्लास्टिक कोणत्या वारी, गीझर कसा लावायचा, माझा फोन नंबर. खाली, अँब्युलन्ससाठी ११९ वर काय बोलायचं ती जपानी वाक्यं, इमारतीच्या पत्त्यासकट, देवनागरीत लिहिलेली. एका फ्लॅटचा कागद मनासारखा झाला की त्याची झेरॉक्स काढायची, वरचा आणि पत्त्यातला खोली क्रमांक पांढऱ्या शाईने खोडून नवा घालायचा.

३०२ मध्ये एक जोडपं आलं. ती सांगलीची, चोवीस वर्षांची, चौथा महिना लागलेला. नवरा सकाळी जायचा तो रात्रीच यायचा. मी दुपारी डोकावले की ती दार उघडायच्या आधीच बोलायला लागायची.

"ताई, बसा ना. चहा टाकते. सकाळपासून एक शब्द बोलले नाहीये कुणाशी."

"अगं, होतं असं सुरुवातीला. सवय होते," मी म्हणायचे. मला स्वतःला झाली नव्हती.

एकदा ती म्हणाली, "तुम्ही घर इतकं छान लावलंय, की आईनेच लावून दिल्यासारखं वाटतं." त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याला ते दोनदा सांगितलं.

पाचव्या आठवड्यात, एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास मी दुकानात पुढच्या फ्लॅटचे पडदे बघत होते. मला हवा तो रंग संपला होता. दुकानातली मुलगी वाकून "झान्नेन देस गा" म्हणत होती, म्हणजे वाईट वाटतं, पण नाही. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, खूप रक्त जातंय. मी कागदावरचं सगळं वाचून सांगितलं त्यांना. कुणी येत नाहीये."

मी पिशव्या तिथेच टाकून पळाले. इमारतीखाली अँब्युलन्स उभी होती. मला आधी हायसंच वाटलं. जिना चढले तर दुसऱ्या मजल्यावर, २०३ च्या बंद दारासमोर, स्ट्रेचर घेऊन तिघं जण उभे. एक जण बेल दाबत होता, दुसरा फोनवर जपानीत काहीतरी पुन्हा पुन्हा विचारत होता. २०३ मधला मुलगा ऑफिसला गेलेला. तिचा कागद मी २०३ च्याच कागदावरून काढला होता. वरचा क्रमांक बदलला होता. पत्त्यातला राहिला होता.

"इथे नाही, वर, वर," मी ओरडले. मराठीत ओरडले. मग जिन्याकडे हात केला.

ती मोरीच्या उंबऱ्याशी बसली होती, फोन कानाला तसाच.

हॉस्पिटलमध्ये दुसरं कुणी नव्हतं, म्हणून डॉक्टरांचं बोलणं तिला मीच सांगायचं होतं. माझं जपानी दुकानांपुरतं आणि कचऱ्यापुरतं. डॉक्टर म्हणाले, "झान्नेन देस गा," आणि पुढचं मला कळायची गरज उरली नाही. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि भिंतीकडे वळली.

तिचा नवरा आल्यावर मी डॉक्टरांना बाहेर गाठलं आणि मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं, अँब्युलन्स लवकर पोचली असती तर? ते बराच वेळ, हळू बोलले. मी त्याचा अर्थ असा घेतला की काही फरक पडला नसता. तसाच होता का, ते मला आजही ठामपणे सांगता येत नाही.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "डॉक्टर म्हणालेत ना? मग आता तिला सांगून काय मिळणार आहे? उगाच तिलाही त्रास, तुलाही." मला तेच ऐकायचं होतं.

दहा दिवसांनी ते दोघं परत निघाले. मी स्टेशनपर्यंत गेले. तिचा नवरा तिकिटं काढत होता, तेव्हा तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "ताई, त्यांना एवढा उशीर का झाला हो?"

"ट्रॅफिक असेल गं," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "मला वाटलं, मीच नीट वाचलं नसेल. माझं चुकलं असेल काहीतरी."

मी तिला जवळ घेतलं. तेवढ्या वेळात सांगता आलं असतं. ट्रेन आली आणि ती गेली.

सोमवारी ३०२ मध्ये नवे पाहुणे येणार होते. रक्ताचे डाग पडलेली गादी टाकून द्यायची तर मोठ्या कचऱ्याचं स्टिकर लावून ठरल्या दिवशी खाली ठेवावी लागते. तोवर ती गुंडाळून गॅलरीत ठेवली. मोरी घासली. अर्ध्यावर आलेला मिसळणाचा डबा पुन्हा भरला. भिंतीवर नवा कागद लावला. त्यातला क्रमांक बोट ठेवून चार वेळा वाचला.

पुढे दीड वर्ष मी ते काम केलं. मंदी आली, इंजिनियर येईनासे झाले, फ्लॅट सोडून दिले. मधल्या काळात तिची एक मेल आली होती, मुलगी झाल्याची. मी अभिनंदन लिहिलं. त्याखाली दुसरं वाक्य सुरू केलं, खोडलं, परत सुरू केलं. शेवटी अभिनंदनच पाठवलं. तिने जे स्वतःवर घेतलं, ते अजून तिच्याकडेच आहे.