यादीत नसलेलं नाव

आपत्तीसाठी लोकांना तयार करणं, ही माझी नोकरी. त्यामुळे इथे उत्तरेत, जानकीपुरममधल्या आमच्या इमारतीत भूकंपाची तालीमही मीच घ्यायचो. ज्यांना एकट्याने जिना उतरता येत नाही त्यांची यादी मी खाली लावली होती. प्रत्येकापुढे त्याला खाली आणणाऱ्या शेजाऱ्याचं नाव होतं.

त्या यादीत माझ्या बाबांचं नाव नव्हतं. एकेकाळी रेल्वेचे पूल बांधणारे बाबा आता वॉकर धरून चालत. त्यांचं नाव लिहिताना हात थांबला. 'आपण घरात असतोच,' असं मी स्वतःला सांगितलं.

एका दुपारी जमीन हादरली तेव्हा मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, चिनहटच्या ऑफिसात होतो, बायको बाजारात. बाबा फोन उचलेनात. धावत पोचलो, तर यादीतले सगळे अंगणात सुखरूप बसलेले. शेजारी ओशाळून म्हणाले, "भैया, लिस्ट में बाबूजी का नाम ही नहीं था. हमें लगा, आपके साथ होंगे."

तिसऱ्या मजल्यावर बाबा जेवणाच्या टेबलाखाली, मी शिकवलं होतं तसे, टेबलाचा पाय धरून बसले होते.

"आलात साहेब? आत शिरायला शिकवलंत, बाहेर यायचं राहिलं."

त्यांना उठवताना मला रडू आलं. "बाबा, तुमचं नाव मीच लिहिलं नाही."

"लाज वाटली होय रे?"

"नाही. तुम्ही थकलात हे कागदावर बघवलं नसतं."

त्यांनी वॉकर पुढे ओढला. मग म्हणाले, "चल, खाली ने मला."

यादीच्या शेवटी त्यांनी स्वतःच आपलं नाव लिहिलं, आणि पुढे वळणदार अक्षरात: 'वजन फार नाही.'