आबांची बंदूक आणि अंगठ्याची पेटी

माझे सासरे, आबा, पहिल्यांदा शारजाला आले, तेव्हा त्यांच्याशी भांडायचं हे मी पक्कं ठरवूनच विमानतळावर गेले होते. कारण होतं त्यांची बंदूक. गावाकडच्या घरात, माजघरातल्या कपाटात, दोन नळ्यांची बंदूक होती. पीक राखायला म्हणून रीतसर परवाना काढलेली. आणि जुलैच्या सुटीत माझी सात वर्षांची लेक त्याच घरात दीड महिना हुंदडायची. ती बंदूक घरातून गेल्याशिवाय पुढच्या वर्षी पोरगी पाठवणार नाही, असं मी नवऱ्याला बजावलं होतं. त्याने "बघू, इन्शाल्ला" म्हणून विषय मिटवला होता. दहा वर्षं आखातात काढून हा माणूस जेमतेम चार शब्द अरबी शिकला, पण बायकोला टोलवायला तेवढं पुरायचं.

आबांनी उभ्या आयुष्यात एक रानडुक्कर मारलं नव्हतं. हवेत बार काढायचे, डुकरं पळायची, आणि पुढचे आठ दिवस पारावर त्या डुकरांचा आकार वाढत जायचा. शारजात आल्यावर तेच सुरू झालं. आमच्या बिल्डिंगच्या पठाण वॉचमनला त्यांनी मोडक्या हिंदीत एवढं काही सांगितलं, की तो लिफ्टचं दार उघडून धरायला लागला.

नवरा दुबईतल्या एका कंपनीत होता. ते लोक ऑफिसांमधून अंगठा लावून हजेरी घ्यायची मशीन बसवायचे. त्या गुरुवारी तो एक लोखंडी पेटी घेऊन घरी आला. पिस्तूल ठेवायची पेटी. तिला किल्ली नाही, वर एक काचेचा डोळा. ओळखीचा अंगठा टेकला तरच झाकण उघडणार. शिकारीचा शौक असलेल्या एका लोकल अरब गिऱ्हाइकाला ती शनिवारी दाखवायची होती. पण आधी ती आबांना दाखवायची, हा त्याचा डाव मला लगेच कळला. गावच्या बंदुकीला असंच कुलूप लावलं की ती घरातच राहिली असती; माझ्याशी भांडण्यापेक्षा पेटी बरी.

जेवताना तो रंगात आला. म्हणाला, अमेरिकेत आता पिस्तुलालाच असला डोळा बसवायचं चाललंय, मालकाच्या हाताशिवाय चाप ओढलाच जाणार नाही. त्यावरून तिकडे दोन तट पडलेत, कुणी म्हणतं कायदाच करा, कुणी म्हणतं आमच्या हत्यारात नाक खुपसू नका. आबा ताबडतोब दुसऱ्या तटात जाऊन बसले. रात्रीच्या अंधारात, चिखलाच्या हाताने, ती काच मला ओळखणार का? तोवर डुकरं अर्धा भुईमूग खाऊन ढेकर देतील. हत्यार मालकाने मागितलं की हातात आलं पाहिजे, त्याने मालकाला तू कोण विचारायचं नाही. मी भाजी वाढता वाढता म्हटलं, या घरात तसं विचारणारं कुणीतरी हवंच होतं. दोघांनीही ऐकलं नाही. मग पेटीत दोघांचे अंगठे नोंदवून झाले. लेक आजोबांच्या मांडीवर बसून सगळं बघत होती.

त्या वर्षी दसरा नेमका दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी आला, म्हणजे तिकडची साप्ताहिक सुटी, सगळे घरी. दुबईतल्या बर दुबईच्या बाजारातून झेंडू आणला होता. आपट्याची पानं कुठली मिळायला. आबांनी शस्त्रपूजा मांडायला घेतली आणि घरात शस्त्रच नाही! माझी विळी मांडली, नवऱ्याचे स्क्रूड्रायव्हर मांडले, गाडीची किल्ली मांडली. मनाचं समाधान होईना. शेवटी त्यांनी रात्रीपासून उघडीच असलेली ती पेटी मधोमध ठेवली, आणि पेटीत हत्यार हवंच म्हणून लेकीची हिरवीगार पाण्याची पिचकारी-बंदूक आत ठेवून झाकण लावलं. वर झेंडूचा हार. मग देवाला लावावं तसं भक्तिभावाने हळदकुंकू, ते थेट काचेच्या डोळ्यावर. मी बघत होते. अडवलं मात्र नाही; म्हटलं, होऊ दे गंमत.

आरती झाली. आबांनी अंगठा टेकला, पेटी ढिम्म. नवऱ्याने टेकला, तरी ढिम्म. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक, कारण शनिवार उद्यावर आला होता. त्याने काच पुसली, स्पिरिटने पुसली, माझ्या ओढणीने पुसली. आबांना तर स्वर्ग दोन बोटं उरला. सोफ्यावर मांडी ठोकून म्हणाले, बघा, हे तुमचं शहाणं कुलूप, धन्यालाच दाराबाहेर उभं करतंय. मलाही हसू आवरेना.

तेवढ्यात लेक आली. तिला आपली पिचकारी हवी होती. तिने अंगठा टेकला आणि झाकण टक्कन उघडलं.

ती म्हणाली, "इट्स ईझी, पप्पा. मी यू अँड आजोबांना डिलीट केलं, देन आय पुट मी."

आबा एवढे हसले की ठसका लागला. नातीला जवळ ओढून म्हणाले, सात वर्षांच्या पोरीने तुझी अमेरिका हरवली रे! आमचं कपाट बरं, किल्ली कुठे आहे ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

"युअर गमबूट," लेक म्हणाली. "लेफ्ट वन."

आबांचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी तिला अगदी हळू विचारलं, कपाट उघडलं होतंस का? तिने हो म्हणून मान हलवली. एकदाच, बंदूक खूप जड होती, उचलेना, म्हणून ती आडवीच ठेवून बघितली. कशी बघितलीस, आबांनी विचारलं. लेकीने पूजेतला लांब स्क्रूड्रायव्हर काढून जमिनीवर ठेवला, पोटावर आडवी झाली, आणि त्याच्या टोकाला डोळा लावला.

"आत काय आहे ते बघायला," ती म्हणाली. हे मात्र स्वच्छ मराठीत.

मी तिला उचललं आणि इतकं घट्ट धरलं की ती ओरडली. काडतुसं त्याच कपाटात असत. त्यातलं एखादं नळीत राहिलं होतं की नव्हतं, ते आबांनी सांगितलं नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

आबांनी फोनकार्ड मागितलं. गावी फोन लावून सासूबाईंना म्हणाले, गमबुटातली किल्ली काढ आणि कमरेला लाव, का ते विचारू नको. मग नवऱ्याला म्हणाले, माझं तिकीट अलीकडचं कर. बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची तर परवानेवाल्याने स्वतः गेलं पाहिजे.

इतके दिवस ते कधी जातात याची मी वाट बघत होते. आता भांडणही माझ्याच बाजूने सुटलं होतं. तरी माझ्याच तोंडून निघालं, "आबा, दिवाळी करून जा. पोरगी तर इथेच आहे, सुखरूप."

त्यांनी हार काढलेली पेटी नवऱ्याच्या हातात दिली.

"नको सूनबाई," ते म्हणाले. "गावी शेजारची पोरं रोज आपल्याच घरात खेळतात."