डाळिंबी खूण

मिरजेत दर चार घरांआड दवाखाना आहे, तरी जाफरमामू मुल्लाणींना डोळे दाखवायला सवड मिळत नव्हती. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत चालला होता. बायको शमशाद सांगून सांगून थकली. "पुढच्या आठवड्यात बघू," म्हणायचं आणि दुरुस्तीला आलेली पुढची विजेची मोटार उघडायला बसायचं, हा मामूंचा खाक्या. या हट्टापायी कुणाचा तरी हात जाईल, हे मात्र त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

कारखान्यातल्या काही मोटारींच्या मागच्या टोकाला एक डबी असते, तिला एन्कोडर म्हणतात. मोटारीचा दांडा या क्षणी नेमका कुठे आहे, हे ती तारांमधून मोटार चालवणाऱ्या पॅनेलला कळवते, आणि त्या भरवशावर पॅनेल वीज सोडतं. डबी दांड्यावर जरा फिरून बसली की ती खोटं बोलू लागते. मग 'थांब' म्हटलेली मोटार सगळ्या ताकदीनिशी पळत सुटते. सातारा-सांगलीत ही डबी अचूक बसवणारी माणसं मोजकीच, आणि त्यांत मामूंचं नाव पहिलं.

मामूंची रीत साधी होती. डबी काढण्याआधी दांड्यावर आणि डबीवर मिळून नेलपॉलिशची एक रेघ ओढायची. परत बसवताना रेघेचे दोन्ही अर्धे जुळले पाहिजेत. बाटली अर्थातच शमशादच्या डब्यातली, त्यावरून घरात थोडी भांडणंही झालेली. पण तेवढ्यावर मामू विसंबत नसत. मोटार मशीनला जोडण्याआधी जमिनीवर पोत्यावर ठेवायची आणि मोकळी चालवून बघायची. त्याला ते 'पोत्यावर नाचवणं' म्हणत. पोत्यावर शहाण्यासारखी वागली, तरच ती माणसांजवळ न्यायची.

त्या मंगळवारी सकाळी कुपवाडच्या एका कारखान्यातल्या, पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसची मोटार तयार करायची होती. बेअरिंग बदलून झालं होतं, मामूंच्या हाताखालच्या पोरांनी थिनरनं धुऊन मोटार लखलखीत केली होती, फक्त डबी चढवायची बाकी होती. नेमकी वीज गेली. दारात टेम्पो उभा, आणि कारखान्याचा मालक वीरधवल फोनवर फोन करत होता. मामूंनी बॅटरीच्या उजेडात रेघ शोधली, जुळवली, स्क्रू आवळले आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवला.

"वीरधवल, हितं वीज न्हाई. तिकडं पोत्यावर नाचवा, मगच चढवा," त्यांनी बजावलं.

"व्हय, मामू," वीरधवल म्हणाला. तो घाईतला होकार होता, हे मामूंना ओळखू यायला हवं होतं.

दुपारी जेवताना मामूंनी कौतुकानं शमशादला फोटो दाखवला. तिनं मोबाइल जवळ धरून बघितला आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"आवं, ही डाळिंबी रेघ कुठली? ती बाटली आपल्या अर्शियाच्या लग्नातच संपली. आता तर तुमी माझी गुलाबी पळवताय."

मामूंचा घास तोंडातच राहिला. परवा त्यांनी गुलाबीच रेघ ओढली होती. थिनरनं ती पुसून गेली असणार. ही रेघ दोन वर्षांपूर्वीची, वार्निशखाली दबून टिकलेली. आणि मधे दुसऱ्या कुणीतरी या मोटारीच्या दांड्यावरची चुंबकं बदलली होती, हे परवा उघडताना त्यांना दिसलं होतं. चुंबकं हलली की डबीची योग्य जागाही हलते, म्हणजे जुनी रेघ आता साफ खोटी होती. रंग वेगळा आहे एवढं बघायला बरा डोळा लागतो, आणि तो त्यांच्याकडे नव्हता.

वीरधवलचा फोन लागेना. प्रेसमध्ये साचे बसवणारा कृष्णात त्यांचा वीस वर्षांचा दोस्त, त्याचा फोन नुसताच वाजत राहिला. साचा बसवताना कृष्णातचे दोन्ही हात कोपरापर्यंत प्रेसच्या जबड्यात असतात. हात आत गेला की प्रेस थांबवणारा सुरक्षेचा प्रकाशपडदाही तेवढ्या वेळापुरता बंद ठेवतात, आणि वीज सोडली की ब्रेक सुटून वरचा ठोकळा नुसत्या मोटारीच्या जोरावर अधांतरी राहतो. मामूंनी हातही धुतले नाहीत. स्कूटर काढली.

मिरज ते कुपवाड रस्ता एरवी कधी संपला तेही कळत नाही. त्या दिवशी प्रत्येक उसाची ट्रॉली मुद्दाम आडवी येतेय असं वाटत होतं. आपण पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असेल आणि फाटकाबाहेर माणसं गप्प उभी असतील, असंच त्यांना सारखं दिसत होतं.

फाटकाबाहेर कुणी नव्हतं. आत मोटार प्रेसवर चढलेली होती. पोतं कोपऱ्यात घडी घातलेलं, कोरं. कृष्णात वाकून जबड्यात साचा सरकवत होता, आणि पॅनेलपाशी वीरधवल ओरडत होता, "चालू करतो रं!"

मामूंना हाक मारायला दम नव्हता. ते तसेच भिंतीपाशी गेले आणि मुख्य स्विचचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला. सगळी शेड थंड पडली.

"मामू, झालं काय?" वीरधवल चिडला. "तुमची खूण हाय म्हणून पोत्यावर वेळ घालवला न्हाई."

"खूण खोटी हाय. माजी चूक झाली."

पस्तीस वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. वीरधवलला ते पटेना. मग मोटार उतरवली, पोत्यावर ठेवली, सगळ्यांना लांब उभं केलं आणि वीज सोडली. मोटार पोत्यासकट उसळली, तारा तोडून भिंतीवर जाऊन आदळली. विटेचा टवका उडाला. कृष्णात खाली बसला आणि आपले हात उलटसुलट करून बघत राहिला.

मामूंना मात्र दुसरीच भीती घेरून आली. डाळिंबी बाटली दोन वर्षं पुरली होती. त्या दोन वर्षांत कराडला, साताऱ्याला, विट्याला किती मोटारी गेल्या? त्यांतल्या किती मधल्या काळात दुसऱ्या कुणी उघडल्या? त्यांनी साताऱ्याच्या भाऊसोला फोन लावला. तो तिथल्या एका कारखान्यात मोटारींचं बघायचा.

"आवं मामू, तुमच्या मोटारी लय झकास!" भाऊसो खुशीत होता. "आमी तर आता पोतं आणतबी न्हाई. तुमची खूण असली की डोळं झाकून चढवतो."

"एकबी चालू करू नका. मी येतोय."

जुन्या खुणा पुसायला वीरधवलच्या फडताळातली थिनरची बाटली त्यांनी पिशवीत टाकली. स्कूटरपाशी येऊन किल्ली लावायला गेले, तर भोकच सापडेना. मागून आलेल्या कृष्णातच्या हातात त्यांनी किल्ली दिली.

"तू चालव, गड्या," ते म्हणाले. "मला दिसत न्हाई."