नासिरभाईंची खूण

कुणाला भेटायला माणूस आला आणि ती व्यक्ती जागेवर नसली, की आम्ही म्हणायचो, “बसा, येतीलच.” नासिरभाई मात्र दारातच सांगत, “नाहीत ते. उद्या या.” त्यामुळे अकोल्याच्या आमच्या शेतीसल्ला केंद्रात ते तुसडे म्हणून प्रसिद्ध होते. बार्शीटाकळीहून रोज येऊन ते ई-मेलचा सर्व्हर सांभाळत, आणि त्यालाही तेच वळण लावत. “पत्ता चुकीचा असंन तर दारातच नाही म्हणा. आधी घेऊन मंग परत काहून पाठवता? पाठवणाऱ्याचं नावच खोटं असंन, तर भलत्याच माणसाच्या डोक्याले ताप.”

तो ताप आम्हालाही झाला. कुणीतरी आमच्या नावाने कचरा मेल पाठवत होतं आणि ‘पोचली नाही’ असे निरोप शेकड्यांनी आमच्यावर आदळत होते. नासिरभाई रजेवर होते. वैतागून मी परतीचे सगळेच निरोप बंद केले, आणि स्वतःवर खूशही झालो.

शेतीची वाईट वर्षं होती ती. कपाशीवर फवारणी चालू होती. दोन औषधं एकत्र करून फवारू नका, विषबाधा होते, असा इशारा आम्ही सगळ्या तालुक्यांना मेल केला. पातूर केंद्राच्या सुनंदाताईंची मेलची पेटी भरलेली होती. मेल पोचली नाही, आणि तसं सांगणारा निरोप यायची वाट मीच बंद केलेली. रुजू होताच नासिरभाईंनी सर्व्हरच्या नोंदी वाचल्या, इशारा छापून घेतला आणि पातूरची एसटी पकडली. तिथल्या फळ्यावर त्यांनी तो स्वतःच्या हाताने लिहिला. तोवर दोन मजूर दवाखान्यात होते. दोघंही वाचले.

“तुले वाटलं, पोचली. सुनंदाताईले वाटलं, काही आलंच नाही. दोघंबी निवांत,” एवढंच ते बोलले. मग आमच्या प्रत्येक मेलवर त्यांनी एक छुपी खूण घातली. परतीच्या निरोपावर ती असेल तरच तो आमच्या खऱ्या मेलचा; तेवढाच घ्यायचा, नाहीतर दारातूनच माघारी.

पुढे ते आजारी पडले. अमरावतीच्या दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा म्हणाले, “मी गेलो का माही पेटी बंद कर. मानूस नाही अन् पत्रं घेऊन राहिले, असं नको.”

ते गेले, आणि माझा हात काही धजेना. दोन महिन्यांनी पेटी उघडली. आत सुनंदाताईंच्या तीन मेल होत्या. शेवटच्या मेलमध्ये एकच ओळ होती: “भाई, रागावले काय माह्यावर?”

मी पेटी बंद केली आणि पातूरची एसटी पकडली.