प्रसादाचं माप

भाग्यश्री खांबेटे पूजा सांगतात. बाईमाणसानं पूजा सांगणं पुण्याला आता नवं राहिलेलं नाही, तरी त्यांना ‘गुरुजी’ म्हणायचं की ‘ताई’ यावर अजून घरोघरी थोडा खल होतोच. नवरा गेल्यावर, पंचेचाळिशी उलटल्यावर, त्या पौरोहित्याच्या वर्गाला जाऊ लागल्या. शेजारणी म्हणाल्या, “आता या वयात पाठांतर?” ताईंनी उत्तर दिलं नाही, पाठांतर केलं. आज साठीला टेकल्यात, पण श्रावणातली तारीख हवी असेल तर त्यांना आषाढातच फोन करावा लागतो. या कामानंच त्यांना पुन्हा उभं केलं होतं, आणि ते त्या कधी विसरल्या नाहीत.

यंदा उन्हाळ्यात पोटात असह्य कळा आल्या आणि पित्ताशयात खडे निघाले. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, पित्ताशय काढून टाकलं. डॉक्टरांनी नीट समजावलं. पित्त यकृत बनवतं, ते बनवतच राहणार, पण साठवायची पिशवी आता नाही, त्यामुळे ते थेंब थेंब आतड्यात उतरत राहील. एकदम भरपूर तूप-तेल पोटात गेलं तर पंचाईत. म्हणून थोडं थोडं खा, वेळच्या वेळी खा, फार वेळ उपाशी राहू नका. तळकट सध्या बंद, मग बेताबेतानं सुरू करा. बहुतेकांची घडी काही महिन्यांत बसते.

ताईंनी मान डोलावली आणि त्यातलं ‘उपाशी राहू नका’ एवढंच सोयीस्करपणे विसरल्या. दिवसातली पहिली पूजा पुरी होईपर्यंत पोटात काही घ्यायचं नाही, हा त्यांचा पहिल्यापासूनचा नेम. शिवाय त्यांना वाटलं, उपास म्हणजे पोटाला विश्रांतीच की! डॉक्टरांना यात काय कळतंय?

श्रावण लागताच कात्रजला एकाच दिवशी दोन घरी सत्यनारायण होता. पहिल्या घरी आटोपेपर्यंत दुपार झाली. यजमानीणबाईंनी शिऱ्याची वाटी पुढे केली. हा शिरा म्हणजे रव्याइतकंच तूप, वाटी तिरकी केली तर कडेनं ओघळावं असा. नाही कसं म्हणणार? कथेतल्या, प्रसाद न घेता उठून गेलेल्या बाईवर काय काय ओढवलं, ते नुकतंच त्यांनी स्वतःच्या तोंडानं सगळ्यांना ऐकवलं होतं. वाटी चाटूनपुसून संपवली. वर आग्रहाचं जेवण.

दुसऱ्या घरी तिसऱ्या अध्यायापर्यंत आवाज खणखणीत होता. चौथ्यात पोटात मुरडा आला. ताईंनी घाम पुसला, दात आवळून दोन ओळी रेटल्या, आणि शेवटी पोथी मिटून “आलेच” म्हणत आत धावल्या. बाहेर घरभर माणसं बसलेली. कोणीतरी फिसकन हसलं, ते त्यांना बंद दाराआड ऐकू आलं. इतकी लाज त्यांना उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. बाहेर आल्यावर यजमानीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, “राहू द्या ताई. उरलेली कथा आम्ही मोबाइलवर लावतो.”

हे लेकीला, नम्रताला, सांगितलं तर ती म्हणाली, “आई, आता बास. घरी रेस्ट घे. लोकांना सगळं ऑनलाइन मिळतं.”

“माझं पित्ताशय काढलंय,” ताई म्हणाल्या. “जीभ नाही काढलेली.”

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सकाळभर उपाशी, मग वाटीभर तूप. मी सांगितलं त्याच्या बरोबर उलटं! इतकं व्यवस्थित उलटं करायलासुद्धा अभ्यास लागतो.” औषध दिलं आणि बजावलं, जुलाब थांबले नाहीत, ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले तर लगेच या.

मग ताई हट्टाला पेटल्या. ज्या हट्टानं संस्कृत पाठ केलं, त्याच हट्टानं खायला शिकल्या. आधी मऊ भात आणि मुगाचं वरण, मग ज्वारीची भाकरी, दुधी, पातळ ताक. उत्साहाच्या भरात एकदा वाटीभर मटकी खाल्ली आणि पोटाचा नगारा झाला, तेव्हा कडधान्यंही चमच्या-चमच्यानं वाढवायची हे समजलं. सकाळचा दुसरा चहा सोडताना डोळ्यांत पाणी आलं. जेवल्यावर आडवं होण्याऐवजी नदीपर्यंत चक्कर. भातावर तुपाचा एक थेंब घालून बघितला, पोट काही बोललं नाही, तेव्हा त्यांनी नम्रताला फोन करून सांगितलं. शेजारी गेल्यावर बाकरवडीनं घात केला, तर स्वतःलाच शिव्या घालून पुन्हा मऊ भातावर आल्या.

पोट ताळ्यावर येत होतं. माणसांचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. श्रावणाच्या शेवटी नारायण पेठेत वेणूबाईंकडची पूजा होती. ऐंशीच्या घरातल्या वेणूबाई सोवळ्याच्या कडक, जिभेनं त्याहून कडक. त्यांनी एखाद्याला नाकारलं की आजूबाजूची निम्मी घरं बंद होत. ताईंनी आदल्या दिवशीच ठरवलं, लपवायचं नाही.

चौरंगासमोर बसण्याआधीच त्या म्हणाल्या, “आजी, मी खाऊन आलेय. माझं ऑपरेशन झालंय. उपाशी राहिले तर कथा पुरी करता येणार नाही.”

“छान!” वेणूबाई म्हणाल्या. “आमच्याकडे आजवर पूजा सांगणारे उपाशीच येत आले.”

“त्यांचं पित्ताशय जागेवर असेल.”

सून पायल फुलं निवडत होती, तिनं हसू दाबलं. वेणूबाईंनी मांडलेल्या पूजेकडे पाहिलं, दारातून येणाऱ्या पाहुण्यांकडे पाहिलं. “बसा. ऐनवेळी दुसरं माणूस कुठून आणू?”

ते ताईंना झोंबलं, पण त्या बसल्या. चौथ्या अध्यायाशी आल्या तेव्हा भीतीनं हात आपोआप पोटावर गेला. पोट शांत होतं. त्यांनी आवाज चढवला आणि पाचही अध्याय, एकदाही न उठता, पुरे केले. आरतीही खणखणीत म्हटली.

मग पायलनं शिऱ्याची वाटी आणली. ताईंनी चिमूटभर घेतला, कपाळाला लावला, तोंडात टाकला आणि वाटी परत केली.

“एवढाच?” वेणूबाईंचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला. “आत्ता काय सांगितलंत तुम्हीच? प्रसाद टाकला की काय होतं?”

“टाकला कुठे? घेतला की,” ताई म्हणाल्या. “इतकी वर्षं ही कथा सांगतेय, आजी. किती खायचा ते तिच्यात कुठेही लिहिलेलं नाही.”

वेणूबाईंच्या मांडीवर त्यांची स्वतःची वाटी होती, काठोकाठ भरलेली.

“आई,” पायल हळूच म्हणाली, “तुम्हीही तेवढाच घ्या ना. परवाच शुगर किती आली होती! दरवर्षी या शिऱ्यानंतर दोन दिवस झोपून काढता.”

वेणूबाईंनी सुनेकडे असं पाहिलं की ती मागे सरकली. मग वाटीकडे पाहिलं. दोन बोटांनी चिमूटभर शिरा उचलला, तोंडात टाकला आणि वाटी पायलच्या हातात दिली.

“पुढच्या वर्षी नऊला या,” त्या ताईंकडे न बघता म्हणाल्या. “आणि खाऊन या.”